काडी, वेस आणि एक जादा ‘रे’: मंडळीसाठी रचलेल्या गीतांच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला आणि पेटी वाजवणाऱ्या ताईंना थांबवून घेतले. त्यांची तक्रार नवी नव्हती, पण या वेळी त्यांनी ती नेमक्या शब्दांत मांडली. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातले गीत लागले की पुढच्या चार रांगा गातात आणि मागची तरुण मुले मोबाईलमध्ये डोके घालतात, तरुण संघाने हिंदी कोरस घेतला की मागचे टाळ्या वाजवतात आणि पुढच्या रांगांतले आजी-आजोबा हात जोडून मुकाट उभे राहतात. एका छताखाली दोन मंडळ्या आळीपाळीने गप्प बसतात, असे ते म्हणाले. त्यांना पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे २० एप्रिलपर्यंत, तीन नवी मराठी गीते हवी आहेत. अट एकच घातली आहे: पुस्तक किंवा पडदा नसतानाही तिसऱ्या रविवारी ती सगळ्यांना गाता आली पाहिजेत.

शब्दांची जबाबदारी माझ्याकडे आणि चालींची ताईंकडे आली आहे. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून शब्दांची बाजू सोपी जाईल असे आज तरी वाटते आहे.

८ जानेवारी, बुधवार

आमच्या मंडळीला पुस्तक न उघडता म्हणता येतील अशी गीते ताईंबरोबर बसून मोजली. ती अकरा भरली. प्रत्येकाची चाल पेटीवर वाजवून तिचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर वहीत लिहिला. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) हा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरला, तर अकरांपैकी नऊ गीते मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवताच्या खाली उतरत नाहीत आणि तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जाच्या वर जात नाहीत. उरलेल्या दोन गीतांत वरचा रिषभ एकेकदा येतो आणि नेमक्या त्याच जागी आवाज विरळ होतो, असे ताईंचे वर्षानुवर्षांचे निरीक्षण आहे.

कारण उघड आहे. तयारीच्या गायिका काळी चार-पाचमध्ये आणि गायक काळी एकच्या आसपास गातात. मंडळीत मात्र बाया, पुरुष, आवाज फुटू लागलेली मुले आणि दम लागणारे म्हातारे एकाच पट्टीत गात असतात. तेव्हा सगळ्यांच्या गळ्याला पेलणारा पट्टा जेमतेम सव्वा सप्तकाचा उरतो. गायकाची जी पट्टी ती मंडळीचीही असते हा समज आम्ही दोघांनीही आजवर न तपासता बाळगला होता.

१९ जानेवारी, रविवार

पहिले गीत आज म्हणून पाहिले आणि ते पार पडले, म्हणजे अक्षरशः खाली पडले.

दोष लिहून ठेवतो, कारण ते बहुतेक माझेच आहेत. मी हौसेने मंदाक्रांता वृत्त घेतले होते. त्यात सतरा अक्षरांची ओळ असते आणि चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबायची जागा, येते. कागदावर ती ओळ डौलदार दिसते, पण मंडळीला यती कुठे आहे हे कुणी सांगितलेले नसते. लोकांनी दम संपेल तिथे श्वास घेतला आणि तो ‘निष्कलंका’ या शब्दाच्या पोटात घेतला, त्यामुळे अर्ध्या रांगा ‘निष्क’वर थांबल्या आणि उरलेल्या ‘लंका’ म्हणून पुढे गेल्या. संडे स्कूलच्या पोरांना हसू आवरेना. ताईंनी यमन रागाच्या अंगाची चाल लावली होती; तिच्यातला तीव्र मध्यम रियाज नसलेल्या गळ्यांत शुद्ध मध्यम होऊन उतरला आणि पेटी व मंडळी यांत उघडपणे बेबनाव झाला. शेवटच्या ओळीत मीच हट्टाने तार गांधार मागून घेतला होता. काळी एकच्या पट्टीत तो वरच्या पांढरी चारवर येतो. तिथे फक्त माझा आवाज माइकमधून ऐकू येत होता. दुसऱ्या कडव्यानंतर लोक आदराने ऐकत उभे राहिले, आणि तो आदरच मला जास्त लागला.

घरी जाताना एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “छान म्हटलंत सर.” ‘म्हटलंत’, असे ते म्हणाले. ‘म्हटलं’ असे म्हणाले नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

परवा पौष वद्य एकादशी आहे. संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या दिंड्या दोन दिवसांपासून त्र्यंबक रस्त्याने चालल्या आहेत. शाळा सुटल्यावर स्कूटर बाजूला लावून मी जवळजवळ तासभर एकाच ठिकाणी उभा राहिलो आणि भक्तिभावापेक्षा धंद्याच्या नजरेने पाहत राहिलो, हे कबूल करतो.

पुढे विणेकरी आणि टाळकरी होते. एकजण अभंगाचा चरण म्हणायचा आणि मग पूर्ण दिंडी तोच चरण उचलायची. म्हणणारा वरच्या पट्टीत जात नव्हता. त्याला दिवसभर चालायचे आणि गायचे होते. त्याचा चरण चालू असताना मागच्यांना आयता श्वास मिळत होता आणि मागचे गात असताना त्याला मिळत होता. मंदाक्रांतेत मी शोधत होतो ती यती इथे माणसांच्या वाटणीत होती. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी दर चरणाला निम्मी मात्रा उशिरा यायची आणि तिच्या आसपासच्या चार बायका तिच्याबरोबर उशिरा यायच्या, तरी एकंदर ताल कुठेही मोडत नव्हता, कारण चरणाच्या शेवटी मृदंग सगळ्यांची वाट पाहून मगच पुढे जात होता.

वहीत टिपले: देवद्वार छंद, म्हणजे मोठा अभंग. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो; यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत जुळते. चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे रिकाम्या मात्रा उरतात, आणि मागे राहिलेला गाणारा त्या मात्रांत पुढच्यांना गाठतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

‘अभंग चर्चमध्ये कसा चालेल’ असा प्रश्न तरुण संघातून आलाच. त्यांना पाश्चात्त्य धर्तीची गिटारवरची चाल जास्त ख्रिस्ती वाटते, हा गमतीचा भाग आहे.

उत्तर द्यायला लांब जावे लागले नाही. गंगापूर रस्त्याच्या अंगाला गोदावरीकाठी जलालपूर आहे. १८६८ मध्ये लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथे झाला, हे संघातल्या एकालाही ठाऊक नव्हते, म्हणून आज सहा जणांना घेऊन तिथवर गेलो. नदीकाठी बसून त्यांना सांगितले की लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्या काळी मराठी मंडळ्यांच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा मोठा होता, आणि टिळकांनी तुकोबांचा अभंग तिथे उपासनेसाठी आणला. त्यांच्या अभंगांच्या संग्रहाचे नावच ‘अभंगांजली’ आहे. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या बाईने ओवीत येशूचे चरित्र लिहिले, कारण ओवी तिच्या कानात आधीपासून होती. त्याहीआधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. तेव्हा इंग्लंडहून आलेल्या पाद्र्याला जो छंद परका वाटला नाही तो आपल्याला परका वाटावा, याचे मला नवल वाटते, असे मी म्हणालो. बोलणे जरा लांबलेच. एका मुलीने मध्येच विचारले, “मग सर, तुम्ही मंदाक्रांता कशाला घेतली?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या खऱ्या गीतासाठी योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय घ्यायचे ठरले. येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो आणि शिष्यांना फाटे. नाशिक जिल्ह्यातल्या मंडळीला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. निम्म्या घरांचा द्राक्षबागेशी मालक, मजूर किंवा आडतदार म्हणून काहीतरी संबंध असतोच. माझा पहिला मसुदा बहरलेल्या फांद्या, डोलणारी पाने आणि गोड घोस यांनी भरलेला होता.

दुपारी तो घेऊन दिंडोरी तालुक्यातल्या एका सभासदांच्या बागेत गेलो; त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. माल काढणी चालू होती, क्रेट भरले जात होते, तरी त्यांनी वेळ दिला. मसुदा वाचून त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, “सर, हे वाचून वाटतं की बाग तुम्ही रस्त्यावरून बघितली. पान माजलं की आम्हाला झोप लागत नाही. पान माजलं म्हणजे घड गेला.”

मग त्यांनी मांडवाखाली वाकायला लावून एक काडी हातात दिली. द्राक्षवाला फांदी म्हणत नाही, काडी म्हणतो. वर्षातून दोनदा छाटणी होते: माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरड छाटणीत सगळी जुनी काडी उडवतात, खोड आणि ओलांडा, म्हणजे तारेवरची आडवी शाखा, तेवढा उरतो, आणि नव्याने आलेल्या काडीत पुढच्या घडाचे डोळे तयार होतात. “छाटल्यावर, पाणी दिलेलं असलं तर, काडीच्या तोंडाशी थेंब येतो,” ते म्हणाले. “नवा माणूस घाबरतो. आम्हाला बरं वाटतं, कारण मूळ चालू आहे.”

पवित्र शास्त्रातला फाटा, शाळेतली फांदी आणि बागेतली काडी यांपैकी कोणता शब्द घ्यायचा याचा निर्णय गाडीवर बसायच्या आतच झाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नव्या मसुद्याचे पहिले कडवे असे होते:

छाटलीस काडी, पान नाही एक,
तरी तुझी टेक, आम्हांलागी.

पाळकसाहेबांना ते आवडले, पण त्यांनी पहिल्याच शब्दावर पेन्सिल ठेवली. योहानाच्या दाखल्यात छाटणारा पिता आहे, तो माळी. आणि टेक देणारा वेल म्हणजे पुत्र. ‘छाटलीस’ म्हणताना आपण पित्याशी बोलतो आणि ‘तुझी टेक’ म्हणताना पुत्राशी, आणि एका ओळीत तोंड फिरवल्याचे मंडळीला कळतही नाही. मी म्हणालो की गाणारा इतका विचार करत नाही. त्यावर ते म्हणाले की प्रवचन लोक सोमवारी विसरतात आणि गीत मरेपर्यंत लक्षात ठेवतात, म्हणून गीतात चूक राहू देणे त्यांना जास्त जड जाते.

बदल एका अक्षराचाच पुरला: ‘छाटली ही काडी’. सहा अक्षरे कायम राहिली, माळी पडद्याआड गेला आणि पूर्ण अभंग वेलाशी बोलू लागला.

१६ फेब्रुवारी, रविवार

महिला मंडळापुढे दोन कडवी म्हणून दाखवली. दुसरे कडवे मी असे बांधले होते:

वारा आला फार, पाऊस अवेळी,
तुझिया जवळी, राहिलो मी.

अवकाळी पावसाचे नाव निघताच दोघीतिघींनी मान हलवली, त्यावरून कडवे बसले असे मला वाटले. म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र चौथ्या चरणाला गोंधळ झाला. काही जणी ‘राहिलो मी’ म्हणाल्या, काही ‘राहिले मी’ म्हणाल्या, आणि एक मावशी थांबून म्हणाल्या, “आम्ही बाप्यांसारखं म्हणायचं का बायांसारखं, ते आधी सांगा.”

हा प्रश्न मराठीच्या व्याकरणाचा आहे. आपले क्रियापद प्रथमपुरुषातही लिंग उघड करते, त्यामुळे ‘मी आलो’, ‘मी उभा’, ‘मी राहिलो’ असे लिहिणारा पुरुष कवी निम्म्या मंडळीला दुसऱ्याचे कपडे घालायला लावतो. संतांच्या अभंगांत ते खपते, कारण तिथे तुकोबा किंवा जनाबाई स्वतःच्या नावाने बोलत असतात आणि आपण त्यांचे बोल म्हणतो. मंडळीच्या गीतात ज्याचे बोल तोच गाणारा असतो. ‘राहिलो मी’च्या जागी ‘राहू आम्ही’ केले. चार अक्षरे राहिली, लिंगाचा प्रश्न मिटला, ‘मी’चे ‘आम्ही’ झाले. शिवाय एक लाभ न मागता पदरात पडला. त्या अध्यायात येशू पुन्हा पुन्हा ‘माझ्यामध्ये राहा’ असे म्हणतो. ‘राहिलो’ ही केलेल्या कामाची बढाई होती, तर ‘राहू’ हे त्याच्या आज्ञेला दिलेले उत्तर झाले. मी ते शोधून काढले असे म्हणता येणार नाही. मावशींच्या वैतागातून ते निघाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

वेलाचे गीत उपासनेत प्रथमच म्हटले. चाल भूप रागाच्या अंगाची आहे. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे अर्ध्या सुराच्या अंतरावर घसरण्याची जागाच उरत नाही, हे ताईंनी यमनाच्या अनुभवावरून ठरवले. ठेका भजनी आहे, आणि चाल खालच्या धैवतापासून वरच्या षड्जापर्यंतच जाते.

एक जागा चुकली. तिसऱ्या चरणात लांबवलेला सूर ‘जवळी’तल्या ‘व’वर येत होता आणि मंडळी एकमुखाने ‘जवाळी’ म्हणाली. अभंगात अक्षरे मोजतात, मात्रा मोजत नाहीत, आणि ऱ्हस्व अक्षर दीर्घासारखे म्हणण्याची मुभा गाणाऱ्याला असते, हे खरे. पण एका ‘व’ला चार मात्रा ताणले की शब्दच बदलतो. ताईंनी लांबवणी एक अक्षर पुढे सरकवून ‘ळी’वर नेली. ‘ळी’ मुळातच दीर्घ आहे, तिला ताण सोसतो. यानंतर प्रत्येक मसुद्यात लांब सुरांखालची अक्षरे लाल पेनाने खुणवायची आणि तिथे ऱ्हस्व अक्षर दिसले की एकतर चाल हलवायची नाहीतर शब्द.

५ मार्च, बुधवार

आज राखेचा बुधवार होता, उपासकाळ सुरू झाला. उपासनेला माणसे थोडी होती. पडद्यावरच्या ओळी कुठे तोडायच्या ते ठरवले. आजवर पडदा लावणारा मुलगा जागा पुरेल तशा ओळी तोडत असे. आता एका श्वासात म्हणायचे तेवढेच एका ओळीत दिसेल.

१६ मार्च, रविवार

वेलाच्या गीताचा आज तिसरा पूर्ण रविवार. माइक बंद करून पाहण्याची चाचणी घेतली. पहिले कडवे मी म्हटले, दुसऱ्याला आवाज कमी केला, तिसऱ्याला माइक बंद केला आणि पडदाही कोरा ठेवला. मंडळी न थांबता गात राहिली. मागच्या रांगेतल्या मुलांनी चौथ्या चरणातल्या रिकाम्या मात्रांवर टाळ्या सुरू केल्या होत्या, त्या पुढच्या रांगांना आधी खटकल्या आणि शेवटच्या कडव्याला त्यांच्याही हातांत आल्या. गिटारवाल्या मुलाने भजनी ठेक्यावर गिटार कशी धरायची ते ताईंकडून दोन दिवस शिकून घेतले होते, हे मला आजच कळले.

गीत चालीत म्हणायला शिकवण्यापूर्वी दोन आठवडे ताईंनी ती चाल अर्पणाच्या वेळी शब्दांशिवाय नुसती पेटीवर वाजवली होती. लोक पैसे काढण्यात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिकवण्याच्या पद्धतीतली सर्वांत उपयोगी गोष्ट कदाचित हीच ठरली, आणि तिला एक मिनिटही जादा लागले नाही.

३० मार्च, रविवार

दुसरे गीत अर्पणाचे, दोन कडव्यांचे आणि साधे. ते फारसे वाद न होता बसले. त्याबद्दल लिहिण्यासारखे एवढेच की ‘देतो’ हे क्रियापद मी या वेळी स्वतःहूनच टाळले आणि ‘अर्पू’ लिहिले.

६ एप्रिल, रविवार

तिसऱ्या गीतासाठी लूकच्या २४ व्या अध्यायातला अम्माऊसचा प्रसंग घेतला आहे. दोन शिष्य संध्याकाळी गावाकडे चाललेले असतात, येशू बरोबर चालत असूनही त्यांना ओळखू येत नाही. गाव जवळ येते तेव्हा ते त्याला मुक्कामाचा आग्रह करतात आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात. पुनरुत्थानाच्या सणाची बहुतेक गीते पहाटेची असतात, कबर आणि धोंड यांची. त्याच दिवसाच्या संध्याकाळचे गीत आमच्या अकरांत एकही नव्हते.

या वेळी छोटा अभंग घेतला. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक:

सांज झाली वेशीपाशी,
राहा प्रभू आम्हांपाशी.

भाकर ही मोडताना,
ओळखती डोळे पुन्हा.

‘पोळी’ की ‘भाकर’ असा प्रश्न एकाने विचारला. शास्त्रात भाकर आहे आणि आमच्या गावाकडच्या घरांतही भाकरच आहे. प्रभुभोजनात मात्र आम्ही पाव वापरतो, तो विषय मी वाढवला नाही.

ताईंनी केरवा तालात काफी रागाच्या अंगाची चाल दिली. ‘राहा प्रभू’ ही चार अक्षरे सहा मात्रांत येतात आणि ‘भू’नंतर दोन मात्रा मोकळ्या आहेत. त्या मी मुद्दाम श्वासासाठी मागून घेतल्या होत्या.

१५ एप्रिल, मंगळवार

दिंडोरीहून निरोप आला, “खरड छाटणी चालू आहे, बघायची असेल तर या.” गेलो. फेब्रुवारीत ज्या मांडवाखाली वाकून जावे लागले होते तिथे आता ऊन थेट जमिनीवर पडत होते. खोडे आणि ओलांडे नुसत्या सांगाड्यासारखे तारांना बांधलेले होते. भाऊंनी आदल्या दिवशी पाणी दिलेले होते. एका ताज्या कापावर बोट ठेवायला त्यांनी सांगितले. बोट ओले झाले. कामावरच्या दोन बाया काड्या गोळा करता करता ‘पान नाही एक’ म्हणत होत्या. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या. भाऊंच्या घरून त्यांच्यापर्यंत चाल गेली असणार.

२० एप्रिल, रविवार

पहाटेची उपासना नेहमीप्रमाणे झाली. संध्याकाळच्या उपासनेत अम्माऊसचे गीत म्हटले. दिवे मुद्दाम उशिरा लावले होते. लोक दमलेले होते, सकाळपासूनची पाहुण्यांची गर्दी चेहऱ्यांवर दिसत होती, आणि संथ चालीला ते दमणे मानवले.

दुसऱ्या फेरीला माझ्या दोन मोकळ्या मात्रा कुणीतरी भरून टाकल्या. उजवीकडच्या रांगेतून ‘राहा प्रभू रे आम्हांपाशी’ असे ऐकू आले. चौथ्या फेरीपर्यंत पूर्ण मंडळी ‘रे’ म्हणत होती.

२७ एप्रिल, रविवार

आज मी चूक दुरुस्त करायला गेलो. गीताआधी सांगितले की चरण आठ अक्षरांचा आहे, ‘रे’ घातला की नऊ होतात आणि श्वासाची जागा जाते. सर्वांनी माना हलवल्या आणि पहिल्याच फेरीला पुन्हा ‘रे’ म्हटला.

उपासनेनंतर ताईंनी पेटी मिटण्याआधी मला बाजूला बसवून दोन्ही रूपे वाजवून दाखवली. माझ्या रूपात ‘प्रभू’नंतर दोन मात्रा पोकळ जातात आणि शंभर माणसे एकदम गप्प होतात, पेटीतून ते फार सुंदर ऐकू येते, असे त्या म्हणाल्या, पण विनवणी करणारा माणूस मध्येच असा थांबत नाही. ‘राहा प्रभू’ हे निमंत्रण आहे आणि ‘राहा प्रभू रे’ हा आग्रह आहे, आणि लूकच्या त्या प्रसंगात शिष्यांनी आग्रहच केलेला आहे. श्वासाचे काय, असे मी विचारले. त्यांनी मंडळीचे ध्वनिमुद्रण ऐकवले: लोक ‘वेशीपाशी’ची ‘शी’ मी बांधली त्याहून आखूड म्हणतात आणि श्वास तिथे घेतात. त्यांनी जागा स्वतःच बदलून घेतली होती आणि मला मात्र सात दिवस ऐकू आली नव्हती.

४ मे, रविवार

तिन्ही गीतांची शेवटची प्रत तयार केली. ‘रे’ छापला. आठ अक्षरांच्या छंदात नऊ अक्षरांची ओळ स्वतःच्या नावाखाली छापायची हे शाळेत मराठी शिकवणाऱ्याला सोपे गेले नाही, म्हणून नाव काढून तिथे फक्त मंडळीचे नाव घातले. स्वरलेखनात ‘शी’ आखूड केली. मंदाक्रांतेतले पहिले गीत फाईलमध्ये ठेवले आहे. एखाद्या तयारीच्या गायकाने एकट्याने म्हणण्यासाठी ते वाईट नाही.

पाळकसाहेबांच्या लेखी प्रकल्प इथे संपला. दुपारी दिंडोरीच्या भाऊंना प्रत नेऊन दिली, त्यांनी ती उभ्यानेच वाचली आणि विचारले, “छाटणीचं कडवं झालं, अवकाळीचं झालं. भाव पडतो त्या दिवशी काय म्हणायचं?”

परत येताना स्तोत्रसंहिता आठवत होतो. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे आणि आमच्या पाठ असलेल्या अकरा गीतांत गाऱ्हाणे एकही नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो. रात्री वहीत दोन चरण उतरवले:

कोठवर देवा, पाहू तुझी वाट

‘वाट’ला यमक हवे आहे आणि ‘पहाट’ हे इतक्या लवकर सुचलेले यमक मला घ्यायचे नाही. बुधवारी ताईंकडे जायचे आहे. तोवर उरलेले दोन चरण कोरेच ठेवतो.